गालिचा आईचा, स्वेटर लुधियानाचे

प्रश्न : हिवाळ्यात धुळ्याला स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी बाईंनी बसायला जाड लोकरी गालिचा पसरला होता; तो आईने विणल्याचे त्या म्हणाल्या. आमच्याकडे आजोबांपर्यंत घोंगडी विणली जात असे, पण ते काम घरातच संपले. निर्वासितांनी मात्र गालिच्यांचा एवढा मोठा उद्योग कसा उभारला?
— एक वाचक, साक्री

उत्तर : कला तिबेटींनी सोबत आणली होती, उद्योग मात्र छावण्यांत घडला. तिबेटात असा गालिचा बहुधा अंथरुणापुरता, सुमारे तीन फूट बाय सहा फुटांचा असे. त्याला ‘खादेन’ म्हणतात. 1959 पासून लोक हिमालय ओलांडून आले, तेव्हा ना जमीन होती ना जनावरे, आणि हातात होते ते विणकाम. त्याच वर्षी दार्जिलिंगला निर्वासितांचे स्वावलंबन केंद्र निघाले, तर 1960 च्या सुमारास काठमांडू खोऱ्यातील जावलाखेलला स्विस मदतीने माग बसवले गेले.

त्यांची गाठही निराळी असते. उभ्या मागावर ताण्यापुढे, म्हणजे उभ्या धाग्यांपुढे, आडवी सळई धरून धागा ताण्यामागून फिरवत तिच्यावर वेढत न्यायचा, ओळ भरली की बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकून ठोकायचा आणि मग सळईवरचे वेढे सुरीने कापायचे. कापलेल्या धाग्यांची उभी टोके म्हणजे गालिच्याचे केस; सळई जेवढी जाड, तेवढे केस लांब. तुमच्या आजोबांच्या घोंगडीला असे केस नसतात. तिला चिंचोक्याची खळ द्यावी लागते आणि तिचे गिऱ्हाईक म्हणजे पावसात उभा राहणारा मेंढपाळ किंवा शेतकरी. गालिच्याला युरोपातले गिऱ्हाईक मिळाले, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडला. या गिऱ्हाइकासाठी आकार वाढवले, रंग सौम्य केले, तिबेटी लोकर पुरेना तेव्हा तीत न्यूझीलंडची लोकर मिसळली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस गालिचा नेपाळच्या प्रमुख निर्यात वस्तूंपैकी एक झाला होता आणि त्याचा मोठा खरेदीदार जर्मनी होता; पुढे नेपाळी मागांवरच्या बालमजुरीवरून जर्मनीत ओरड झाली आणि मागणी घसरली. तोवर मागांवर बसणारे बहुतेक हात नेपाळी झाले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

आपल्या राज्यातही, गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. भारतातल्या अशा वसाहतींतील पुढच्या पिढीला महिनोन्‌महिने मागावर बसण्यापेक्षा लुधियानाचा माल घेऊन हिवाळ्याचे काही महिने गावोगावी विकणे परवडू लागले. तुम्हाला भेटलेल्या बाई आईच्या गालिच्यावर बसून स्वेटर विकतात, ते यामुळेच.