श्रावणातला ताप

“ह्यांनी यंदा श्रावणापासून दारू कायमची सोडायची म्हणून देवासमोर नारळ ठेवायचं ठरवलंय. घरात सगळे खूश आहेत, मलाच भीती वाटते. सकाळी चहाचा कप धरताना ह्यांचे हात थरथरतात. पण दर श्रावण कडक पाळतात, म्हणजे व्यसन नसणार ना? आणि एकदम बंद करायची की हळूहळू कमी?”

पेडण्याकडच्या एका बाईंनी गेल्या आठवड्यात हे विचारलं. श्रावण तोंडावर आला की असा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर देण्याआधी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगते. माणूस ओळखू येऊ नये एवढे तपशील बदलले आहेत.

2014 साल. दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलायच्या या कामात मी नवीन होते. डिचोली तालुक्यातले एक ट्रकवाले बायकोबरोबर आले. त्यांना दादा म्हणू. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांचे दोन ट्रक दारात उभे राहिले. बँकेचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. पीत होते आधीपासून, वाढली तेव्हापासून. मी विचारलं, “किती घेता?” “एक क्वार्टर, संध्याकाळची.” मी लिहून घेतलं. “कधी बंद केली होती?” यावर दादा सावरून बसले. “श्रावणात थेंब नाही. चवथ होईपर्यंत नाही. बावीस वर्षं झाली, मॅडम.”

मी भारावलेच. एवढा निग्रह असलेला माणूस! म्हटलं, मग यंदा श्रावणात सोडा आणि चवथीनंतर परत धरूच नका. वहिनींनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आम्ही तिघंही समाधानानं उठलो. दोन प्रश्न मी विचारलेच नव्हते. सकाळी उठल्यावर पहिला घोट किती वाजता? आणि गेल्या श्रावणात पहिले चार दिवस कसे गेले?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहिनींना पाठ होतं, मला नंतर कळलं. “श्रावण लागला की ह्यांना ताप येतोच. पावसाचा.” अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तीन-चार दिवस पेज आणि पॅरासिटामॉल, मग बरे. दर वर्षी थोडा जास्त. घरातल्या कुणालाही त्या तापाचा आणि बाटलीचा संबंध लावावासा वाटला नाही, कारण बाटली तर बंद होती!

त्या वर्षी अमावास्येला शेवटची झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसरीवर बसल्याबसल्या दादा ताठ झाले, तोंडाला फेस आला. फेफरं म्हणून कुणी कांदा हुंगवला. तिसऱ्या रात्री ते उठून अंगणात गेले आणि ओरडू लागले, “ट्रक येतायत, भरलेले आहेत, पोरांना बाजूला घ्या.” त्या रस्त्यावरून दोन वर्षांत खनिजाचा एक ट्रक गेला नव्हता. थोरले काका घाडीला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, आणायला निघाले. धाकट्या भावाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं 108 ला फोन लावला. रात्रीच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेलं, म्हणून हे लिहायला काही चांगलं उरलं.

झालं होतं ते असं. वर्षानुवर्षं रोज दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदूही कायम जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. दादांनीच मला हे पुढे त्यांच्या भाषेत सांगितलं, “म्हणजे लोड उतरवला, पण पाय अ‍ॅक्सिलेटरवरच.” शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत कंप, घाम, उलटी, धडधड सुरू होते. फेफऱ्यासारखा झटका आला तर बहुधा पहिल्या 48 तासांत येतो. भास, भ्रम आणि तापासह येणारी गंभीर अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसते, आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. शिवाय असं प्यायचं-तोडायचं जितक्या वेळा होतं, तितकी पुढची खेप अवघड होण्याचा धोका वाढतो. ज्या बावीस श्रावणांचं मला कौतुक वाटलं होतं, त्यांनीच हे वाढवत आणलं असणार.

इस्पितळात गोळ्यांनी तो जोर हळूहळू उतरवतात. साधारण आठवड्याभरात डोस कमी करत नेतात. थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व सुईवाटे देतात, कारण दारूनं ते संपलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की नातेवाइकांचा आग्रह असतो, आधी ग्लुकोज चढवा. अशा रुग्णाला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज अंगलट येऊ शकतं. क्रम डॉक्टरांना ठरवू द्या.

शुद्धीवर आल्यावर खरा आकडा निघाला. एक नव्हे, तीन क्वार्टर, आणि पहिली अर्धी दात घासायच्या आधी. खोटं का सांगितलं, असं मी विचारलं नाही. बायकोसमोर बसवून विचारल्यावर दुसरं काय मिळणार? आता मी पाच मिनिटं तरी एकट्याशी बोलते, आणि मिलिलिटरमध्ये बोलते. 42.8 टक्क्यांच्या 180 मिलिलिटर क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. फेणीचंही तेच. “फेणी आपली घरची, औषधी” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवते आणि वहीत आकडा लिहिते.

बंद की कमी, याचं उत्तर दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात वेगवेगळं निघालं. दादांना सकाळची लागत होती, झटका येऊन गेला होता. त्यांच्यासाठी पूर्ण बंद, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हाच मार्ग होता. भाऊ पीत होता शनिवार-रविवारी आणि जत्रेला, पण प्याला की बेसुमार. गाडी दोनदा आपटली होती. कंप नाही, सकाळची नाही. अशा माणसाला मोजून कमी करणं जमू शकतं. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये संगाथ या संस्थेनं यावर काम केलं आणि 2017 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी फार तर चार बैठका घेतल्या, आणि नुसत्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा जास्त पुरुष सावरले. ते पुरुष घातक पिणारे होते, दादांसारखे शरीरानं पूर्ण अवलंबून गेलेले नव्हेत. हा फरक विसरून कुणी दादांना “कमी करा” म्हटलं असतं तर तीही माझ्यासारखीच चूक झाली असती.

भावाला मी फक्त एक वही आणि औषधाचं मापाचं झाकण दिलं. पहिल्या आठवड्यात कळलं, त्याचा घरचा ‘पेग’ 90 मिलिलिटरचा होता. प्यायच्या आधी जेवायचं, आठवड्याचे कोरे दिवस आधीच ठरवायचे आणि चावी आधीच दुसऱ्याकडे द्यायची, एवढ्यावर त्याचं बरंच निभावलं.

दादांचं तसं नव्हतं. श्रावण गेला, चवथ गेली, दिवाळीही गेली. ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या, सभेला आधी नाक मुरडलं, मग जाऊ लागले. खरी परीक्षा मार्चमध्ये आली. डोंगरावर काजूचे बोंडू पिकले, शेजाऱ्याची भाटी लागली, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास थेट घरात. या वासाला गोव्यात कुलूप नाही. शिगम्यात एका रात्री ते प्यायले. वहिनींचा फोन आला, “गेलं सगळं पाण्यात.” मी म्हटलं, सात महिने गेले कुठे? उद्याच या. यावेळी ते बांबोळीच्या ओपीडीत स्वतःहून, झटका यायच्या आत गेले. पुढच्या वर्षीपासून मार्च ते मे ते मुलीकडे फोंड्याला राहायला जातात. देवाची शपथ मोडली म्हणून ते फार खचले होते. मी एवढंच म्हटलं, “शपथेबरोबर मुक्कामही बदला.”

वहिनींनी मध्ये एकदा हळूच विचारलं होतं, आमटीत घालायची गोळी मिळते म्हणतात, ती देऊ का? नाही. ती गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ज्याला द्यायची त्याला सांगून, तपासून, डॉक्टरांनीच द्यायची. आणि एकदा कळलं की जेवणात काही घातलंय, तर तो माणूस घरचं जेवणच सोडतो, हेही मी पाहिलंय.

तर ताई, श्रावण पाळता येतो म्हणून व्यसन नाही, असं होत नाही. सकाळचा कंप जास्त खरं बोलतो. नारळ जरूर ठेवा, पण श्रावणाच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. जवळच्या आरोग्य केंद्रात सुरुवात करा किंवा थेट बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात जा. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, तरी चालतं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांकही आहे. डॉक्टर भेटेपर्यंत घरात बाटली फोडून एकदम शून्यावर आणू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण तेवढे दिवस रोजच्याहून थोडी कमीच बरी. कुणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नका. झटका, भास, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता 108.

आणि जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: सकाळची पहिली किती वाजता, दिवसाची एकूण किती मिलिलिटर, आणि मागच्या श्रावणात पहिले चार दिवस त्यांना नेमकं काय झालं होतं.