घरमालक रंगकामाचं कारण सांगून डिपॉझिट अडवतोय, काय करू?

पुण्यातला फ्लॅट सोडलात, चावी दिलीत, आणि आता मालक म्हणतो की रंगाचे पैसे कापणार. आधी लिव्ह अँड लायसन्स करारातलं डिपॉझिटचं कलम नीट वाचा. तिथे रंगकामाचा उल्लेख नसेल, तर रोजच्या वापराने मळलेल्या भिंतींचे पैसे कापायला त्यांना फारसा आधार नाही. फुटलेलं बेसिन मात्र भरून द्यावं लागेल. त्याची पावती मागा.

करार नोंदवलेलाच नसेल तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि ती केली नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं टाकलं तरी पुष्कळांचा सूर बदलतो!

फोनवर हुज्जत नको, सगळं लेखी. चावी दिल्याची तारीख, भरलेलं शेवटचं वीजबिल, रिकाम्या खोल्यांचे फोटो आणि डिपॉझिट दिल्याची बँक नोंद जोडून 15 दिवसांची मुदत द्या. नाहीच ऐकलं तर वकिलाची नोटीस, त्यानंतर दिवाणी दावा. तो साधारणपणे 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. पोलीस चौकीत बहुधा ‘हा दिवाणी मामला आहे’ एवढंच ऐकायला मिळेल.