पान्यावर पाव इंच, तोंड मात्र अर्ध्या इंचाहून मोठं

प्रश्न : आमचं मूळ घर जैतापूरजवळ. माळा साफ करताना आजोबांच्या लाकडी पेटीत एक दुतोंडी पाना सापडला. लांबीला वीतभरापेक्षा थोडा कमी. एका तोंडाशी ‘१/४ डब्ल्यू’ आणि त्याखाली ‘५/१६ बीएस’, दुसऱ्या तोंडाशी ‘५/१६ डब्ल्यू’ आणि ‘३/८ बीएस’ अशी अक्षरं आहेत. दांड्यावर शंखासारखी वळणदार खूण आहे. आजोबा आधी मुंबईत कापड गिरणीत फिटर होते, नंतर गावी येऊन त्यांनी भाताची गिरण चालवली. तिचं इंजिन इंग्लंडचं होतं, एवढंच वडिलांना आठवतं. माझ्या मोटरसायकलचा १३ चा नट लहान तोंडात जातो, पण खुळखुळतो. १४ चा शिरतच नाही. पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरसुद्धा नाही, मग तोंड त्याच्या दुप्पट कसं? हा पाना नक्की कशाचा? भंगारवाला मागतोय, देऊन टाकू का?
– एक वाचक, जैतापूर (जि. रत्नागिरी)

उत्तर : देऊ नका. भंगारात त्याचे चहापुरतेही पैसे येणार नाहीत, आणि पुन्हा हवा झाला तर आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही.

तुमचा पाना व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचा आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. आणि तुम्हाला पडलेलं कोडं असं सुटतं, की पाव इंच हे माप पान्याच्या तोंडाचं नाहीच, ते बोल्टाच्या दांडीचं आहे. ज्या बोल्टाची दांडी पाव इंच जाड, म्हणजे आपल्या भाषेत दोन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्याच्या डोक्याला बसणारा हा पाना. डोकं अर्थातच दांडीपेक्षा मोठं असणार. व्हिटवर्थच्या दोन सुती बोल्टाचं डोकं सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत ०.५२५ इंच भरतं, म्हणजे १३.३ मिलिमीटर. म्हणून १३ चा नट खुळखुळतो आणि १४ चा जात नाही. दुसरं तोंड अडीच सुतीचं, ते १५.२ भरेल. व्हर्निअर (बारीक मोजमापाची सरकती पट्टी) असेल तर लावून बघा. वापरातल्या पान्याचं तोंड केसभर जास्त भरतं, ते चालतं. मात्र १३.३ च्या जागी पावणेचौदा-चौदा भरलं, तर कोणीतरी कानस किंवा ग्राइंडर मारून तोंड वाढवलेलं आहे असं समजा. आपल्याकडे हे सर्रास चालतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एका नटापुरतं काम भागतं, पाना मात्र कायमचा जातो.

असाच प्रकार तुमच्या घरातल्या नळाचा आहे. ‘अर्ध्या इंची’ नळाचे आटे बाहेरून मोजा, जवळजवळ २१ मिलिमीटर भरतील. तो अर्धा इंच जुन्या लोखंडी पाइपाच्या पोटाचा, बाहेरच्या आट्यांचा नव्हे. आणि ते आटेही व्हिटवर्थच्याच घडणीचे, ५५ अंशांच्या कोनाचे, आजही.

हा व्हिटवर्थ म्हणजे मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ, यंत्रं बनवणारा कारखानदार. त्याच्या काळापर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेल याची खात्री नसे. त्यानं निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एक माप सुचवलं : आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टाला इंचात किती आटे ते ठरलेलं. दोन सुतीला २०, अडीच सुतीला १८, तीन सुतीला १६. माझ्या मते यंत्रकामात इतका लोकोपयोगी शोध दुसरा नाही. कोकणातल्या एखाद्या गावी बसून इंग्लंडमधल्या इंजिनाचा नट बदलता येऊ लागला तो त्यामुळे.

आता ‘बीएस’. हे बारीक आट्यांचं ब्रिटिश माप, १९०८ च्या सुमाराचं. थरथरणाऱ्या यंत्रावर जाड आट्यांपेक्षा बारीक आटे जास्त चांगले धरून राहतात, म्हणून ते आलं. यात बोल्टाचं डोकं एक नंबर लहान ठेवलं. म्हणजे अडीच सुती बारीक आट्यांच्या बोल्टाला दोन सुती व्हिटवर्थचा पाना बसतो. तुमच्या पान्यावर एका तोंडाशी दोन आकडे आहेत ते याचसाठी. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला व्हिटवर्थ बोल्टांची डोकीसुद्धा याच लहान मापावर आणली. त्यामुळे जुन्या यंत्रावर आकडा वाचून पाना उचलू नका, आधी नटावर लावून बघा.

ती खूण शंखाची नाही, गोगलगायीची असावी. बर्मिंगहॅममधल्या सॉल्टलीच्या थॉमस स्मिथ अँड सन्स या कारखान्याचे पाने ‘स्नेल ब्रँड’ म्हणून प्रसिद्ध होते, त्यांचं चिन्ह गोगलगाय. भिंग लावलंत तर पुढे काढलेलं डोकं आणि शिंगं दिसतील.

‘कशाचा’ याचं उत्तर एका यंत्राचं नाव घेऊन देता येणार नाही, कारण हा सर्वसाधारण पाना आहे. मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्लिश कंपन्यांची यंत्रं होती, ती सगळी याच मापाची. इंग्लंडहून आलेली लिस्टरसारखी ऑइल इंजिनंही याच मापाची. दोन आणि अडीच सुती हे किरकोळ कामाचे आकडे : झाकणं, ब्रॅकेट, पाइपाचे क्लँप. इंजिनाचं हेड याने खोलता येणार नाही, त्याला मोठे पाने लागतात. पेटी पुन्हा नीट बघा, याचे मोठे भाऊ तळाशी असतील. मापं देऊन ठेवतो : तीन सुती व्हिटवर्थचं तोंड १८ मिलिमीटर, साडेतीन सुतीचं २०.८, चार सुतीचं २३.४. यातल्या तीन सुतीला आपला नेहमीचा १८ चा पाना नेमका बसतो. बाकीची मापं मिलिमीटरच्या पान्याशी सहसा धड जुळत नाहीत.

आणि इथेच नुकसान होतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लाँचची आणि पंपांची इंजिनं खोलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. खाऱ्या हवेनं नट धरलेला असतो, हाताशी १४ चा पाना असतो, १३.३ च्या नटावर तो लावून जोर दिला जातो. पाऊण मिलिमीटरची ढिलाई तेवढी पुरते. सहाही कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा निघतो. त्याहून वाईट म्हणजे हरवलेल्या बोल्टाच्या जागी मिलिमीटरचा घालणं. ८ मिलिमीटरचा बोल्ट अडीच सुतीच्या भोकात दोन-तीन आटे हातानं जातो, मग अडतो. तिथे पाना लावून दामटलं की बिडाच्या बॉडीतले आटेच सोलले जातात. बोल्ट हातानं पूर्ण जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही, बाहेर काढा.

१९५६ च्या कायद्यानं आपल्याकडे मेट्रिक मापं आली, पण जुनी यंत्रं चालत राहिली. आसपास कोणाकडे जुनी बुलेट, जुना इंग्लिश पंप किंवा भातगिरणीचं इंजिन असेल तर तुमचा पाना आजही कामाचा आहे.

तोंडं १५ अंशांनी तिरकी आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो वाकलेला नाही, ठोकून सरळ करायला जाऊ नका. अडचणीच्या जागी पाना जेमतेम ३० अंश फिरतो. मग तो काढून उलटा लावायचा, की नटाच्या पुढच्या बाजू पकडतो. सरळ तोंडाला यासाठी ६० अंश जागा लागली असती.

साफ करताना रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा, पितळी ब्रशनं घासा, कोरडा करून इंजिन ऑइलचा हात फिरवा आणि तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर अजिबात लावू नका, अक्षरं आणि ती गोगलगाय जाईल. पावसाळ्यात दोनदा तरी उघडून पुन्हा तेल लावा.

प्रश्न : वडिलांच्या होडीच्या सामानात अर्धचंद्रासारखा वाकलेला, टोकाला एकच दात असलेला दांडा आहे. हाही पानाच का?
– एक वाचक, श्रीवर्धन (जि. रायगड)

उत्तर : हो, हुक पाना. गोल नटाच्या कडेला खाचा असतात, त्यात तो दात अडकवून नट फिरवायचा. होडीच्या सामानात आहे म्हणजे बहुधा पंख्याच्या शाफ्टच्या ग्लँडचा (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाचा) नट आवळायला ठेवला असेल. होडीवर जाऊन त्या नटाची खाच आणि हा दात जुळतो का, ते बघा. जुळला तर आवळताना एक सांभाळा : होडी उभी असताना ग्लँडमधून पाणी गळता कामा नये, पण शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत. त्याच पाण्यानं ग्लँड थंड राहते. पार कोरडी होईपर्यंत आवळलीत तर आतलं पॅकिंग जळेल आणि शाफ्टला चर पडेल.