माउंटन बाइकवर दुरुस्तीची साधने आणि सुटे भाग आटोपशीरपणे कसे न्यावेत?

तुम्ही विचारले आहे की, दर रविवारी तुम्ही ठाण्याहून येऊरच्या चढावर माउंटन बाइक घेऊन जाता, पाठीवर सॅक घेतली की घामाने जीव नकोसा होतो, सीटखाली बांधलेली पिशवी खडबडीत वाटेवर सतत हलते आणि आवाज करते. तेव्हा पाने, ट्यूब, पंप आणि इतर किडूकमिडूक न्यायचे तरी कसे? मी मुलुंडला राहतो, येऊर आणि आरे या दोन्ही ठिकाणी बरीच वर्षे सायकल चालवतो आहे, आणि या प्रश्नावर माझे बरेच पैसे वाया गेले आहेत. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम हे सांगायला हवे की सामान कमी जागेत बसवण्याची युक्ती पिशवीत नसते, ती यादीत असते. आपण जे नेतो त्यातले निम्मे आपल्या सायकलला लागूच पडत नाही, आणि जे लागू पडते ते नेमके नसते. मी सुरुवातीला अठरा पात्यांचा, मुठीएवढा जड घडीचा पाना घेतला होता. त्यात बाटली उघडण्याचीही सोय होती. एकदा येऊरच्या उतारावर मागच्या ब्रेकची चकती खडखडू लागली आणि पाहिले तर तिचे सहांपैकी तीन स्क्रू सैल झाले होते. त्या स्क्रूंना ताऱ्याच्या आकाराचे, टी-२५ मापाचे टोक लागते आणि अठरा पात्यांत नेमके तेच नव्हते. उपवनपर्यंत सायकल हातात धरून, केवळ पुढच्या ब्रेकच्या भरवशावर खाली उतरलो.

त्यानंतर मी जे केले तेच तुम्हीही करावे असे सुचवतो. एखाद्या संध्याकाळी घरी सायकल उभी करून हँडलपासून मागच्या चाकापर्यंत प्रत्येक बोल्टला एलन की (सहा कोनांचा पाना) लावून पाहा आणि माप कागदावर लिहा. साधारणपणे असे आढळेल की हँडलच्या पकडीला ४ किंवा ५ मिमी, सीटला ५ किंवा ६, ब्रेकच्या कॅलिपरला ५, आरपार जाणाऱ्या आसाला ५ किंवा ६, ब्रेकच्या दांडीचे अंतर कमीजास्त करायला २ किंवा २.५, आणि ब्रेकच्या चकतीला टी-२५ लागते. पेडलला बहुधा ८ मिमी लागते, पण काही पेडल केवळ १५ मिमीच्या चपट्या पान्यानेच निघतात; वाटेत पेडल काढण्याची वेळ क्वचितच येते, म्हणून तो पाना घरीच राहू द्यावा. चकती सहा स्क्रूंची नसून मध्यभागी एकाच कड्याने बसवलेली असेल, तर ते कडे सोडवण्याचे हत्यार नेण्यात अर्थ नाही, कारण ते सहसा सैल होत नाही. अशी यादी झाली की सात-आठ पात्यांचा, चेन तोडण्याची सोय असलेला, लहानसा घडीचा पाना पुरतो आणि तो दुकानात निवडताना जाहिरातीकडे न पाहता आपल्या कागदाकडे पाहावे. लहान पान्याचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा: त्याची पाती आखूड असतात, त्यामुळे खोल बसलेल्या बोल्टपर्यंत ती पोहोचत नाहीत किंवा फिरवताना फ्रेमला अडतात. म्हणून प्रत्येक बोल्ट त्याच पान्याने एकदा प्रत्यक्ष सैल करून पुन्हा आवळून पाहावा.

सुट्या भागांची यादी वेगळ्या कसोटीने करावी. ज्या बिघाडामुळे सायकल ढकलत न्यावी लागेल, तेवढ्याच बिघाडांचा उपाय बरोबर असावा. असे बिघाड चारच आहेत: टायरमधली हवा जाणे, चेन तुटणे, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा धातूचा लहान तुकडा, वाकणे किंवा मोडणे, आणि ब्रेकचे पॅड संपणे. गिअर नीट न पडणे, सीटची करकर, हँडलचा थोडा खेळ, हे सगळे घरी येईपर्यंत सोसता येते.

यातला सर्वांत मोठा, आणि जागा खाणारा, विषय टायरचा. तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर एक सुटी ट्यूब, टायर रिमवरून उचकटायचे दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर आणि चार-पाच पॅच एवढे पुरते. टायर ट्यूबलेस असेल तर आत द्रव असतोच, त्याने लहान भोके बुजतात. मोठ्या भोकासाठी चिकट दोरीसारखे प्लग आणि ते आत ढकलण्याची सुई न्यावी. तरीही सुटी ट्यूब टाळता येत नाही, कारण धारदार दगडाने टायरची बाजू फाटली तर प्लगचा उपयोग होत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये वाटेत ट्यूब घालताना दोन गोष्टी हमखास छळतात. एक म्हणजे रिमवरच्या वॉल्वची चकतीसारखी नट. द्रव सुकून ती अशी घट्ट बसते की बोटांनी हलत नाही. ती घरी बसवताना केवळ हातानेच आवळावी, पकडीने कधीही नाही, म्हणजे वाटेत पकड न्यावी लागत नाही. दुसरी म्हणजे काटे. ट्यूबलेस टायरच्या आत महिनोन्‌महिने साचलेले बाभळीचे आणि बोरीचे काटे द्रवामुळे निमूट बसलेले असतात, आणि नवी ट्यूब घातली की पहिल्याच मिनिटाला ती फुटते. म्हणून टायरच्या आतून फडके फिरवून, ते जिथे अडकेल तिथला काटा उपटावा. बोट फिरवू नये. मी फिरवले आहे. आपल्याकडच्या उकाड्यात तो द्रव दोन-तीन महिन्यांत सुकतो, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्या सायकलच्या टायरमध्ये द्रव आहे असे समजणाऱ्या अनेकांच्या टायरमध्ये केवळ रबराच्या गोळ्या असतात.

रबराची साधी ट्यूब २९ इंची चाकासाठी जवळजवळ पाव किलो वजनाची आणि मुठीपेक्षा मोठी होते. जागा फारच कमी असेल तर टीपीयू नावाच्या प्लास्टिकची ट्यूब मिळते. ती घडी केल्यावर आगपेटीहून थोडीच मोठी होते आणि वजनाने निम्म्याहून कमी भरते. ती महाग असते आणि तिला नेहमीचे पॅच चालत नाहीत, पण वर्षातून एकदोनदाच वापरायच्या वस्तूसाठी मला हा सौदा पटला आहे. अडचणीच्या वेळी २७.५ इंची ट्यूब २९ इंची टायरमध्ये ताणून बसते, उलट मात्र घड्या पडतात. फाटलेल्या टायरला आतून आधार द्यायला जुन्या टायरच्या बाजूचा, कडा घासून पातळ केलेला, तीन बोटांएवढा तुकडा ठेवावा. त्यासाठी विकत काही घेण्याची गरज नाही. कोणत्याही सायकलवाल्याच्या दुकानामागे असा टायर पडलेला असतो.

हवा भरण्याबाबत माझे मत काहीसे जुनाट आहे. कार्बन डायऑक्साइडची नळी लहान असते आणि क्षणात टायर फुगवते, परंतु १६ ग्रॅमची नळी रस्त्यावरच्या बारीक टायरसाठी ठीक. २९ इंची जाड टायरला २५ ग्रॅमची लागते, एकदा उडवली की संपते, आणि तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो म्हणून घरी आल्यावर पुन्हा हवा भरावीच लागते. मी जाड टायरसाठीचा लहान पंप नेतो, जो प्रत्येक दाबाला जास्त हवा देतो. शंभर-दीडशे वेळा हात चालवावा लागतो, पण तो संपत नाही. पंपाबरोबरच मुंबई-ठाण्यात अत्यंत उपयोगी पडणारी एक वस्तू म्हणजे पितळेचे चिमुकले ॲडॉप्टर. बहुतेक चांगल्या माउंटन बाइकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व असतो, तर पेट्रोलपंपावरच्या आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड मोटारसायकलच्या श्रेडर वॉल्वचे असते. हे ॲडॉप्टर वॉल्ववर फिरवले की जंगलातून बाहेर पडताच पहिला पंक्चरवाला तुमचा पंप होतो. फक्त त्याला आधीच सांगावे की हवा थोडीथोडी भरायची आहे; या टायरला २० ते ३० पीएसआय पुरते आणि त्याच्या हाताला जास्त भरायची सवय असते.

चेनसाठी एक क्विक लिंक, म्हणजे चेनची टोके जोडणारी सुटी कडी, पुरे, पण ती आपल्या गिअरसंख्येचीच असावी. १० गिअरची लिंक १२ गिअरच्या चेनमध्ये चालत नाही. तुटलेली कडी घडीच्या पान्यातल्या चेनटूलने काढून दोन टोके लिंकने जोडायची, एवढेच काम असते. डिरेलरच मोडला तर चेन आखूड करून ती एकाच गिअरवर चालवत घरी येता येते. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर मात्र ही युक्ती नीट चालत नाही, कारण सस्पेन्शन दबताना चेनची लागणारी लांबी बदलते. हँगर प्रत्येक सायकलचा निराळा असतो आणि ऐन वेळी दुकानात मिळत नाही, म्हणून सायकल घेतली त्याच आठवड्यात एक जादा मागवून ठेवावा. तुमची सायकल अलीकडची असेल आणि तिला स्रॅम या कंपनीने २०१९ मध्ये आणलेला यूडीएच (अनेक कंपन्यांच्या सायकलींना चालणारा एकच) हँगर असेल, तर हा शोध बराच सोपा होतो. ब्रेकच्या पॅडची एक जोडी पावसाळ्यात अवश्य न्यावी; चिखलात मऊ, रेझिनचे पॅड एका लांब उतारात संपल्याचे मी पाहिले आहे. कोरड्या दिवसांत ती घरी ठेवली तरी चालते.

आता ठेवायचे कुठे. सीटखालची पिशवी मला आवडत नाही, आणि तुमच्या सायकलला मागे सस्पेन्शन किंवा खालीवर होणारी सीट असेल तर ती टाळावीच, कारण सीट खाली घेतल्यावर मोठ्या झटक्याला मागचा टायर तिला घासतो. सर्वांत उत्तम जागा फ्रेमच्या त्रिकोणात, शक्य तितकी खाली. माझी मांडणी अशी आहे: ट्यूब, टायर लिव्हर आणि टायरचा तुकडा यांची एक घट्ट वळकटी रुंद वेल्क्रो पट्ट्याने खालच्या नळीला बांधलेली असते; पंप पाण्याच्या बाटलीच्या स्टँडखाली त्याच्याच बोल्टने बसवलेल्या पट्टीत असतो; आणि घडीचा पाना, लिंक, पॅच, प्लग, हँगर, ॲडॉप्टर हे सगळे बाटलीच्याच आकाराच्या, झाकणाच्या डब्यात दुसऱ्या स्टँडवर. स्टँड एकच असेल तर तो पाण्यासाठी ठेवावा आणि डब्याऐवजी कमरेची लहान पिशवी वापरावी. सॅकच्या मानाने ती फारच कमी उकडते. मात्र पाना किंवा पंप कमरेच्या मधोमध, पाठीच्या कण्यावर येईल असा ठेवू नये; पडल्यावर काय होईल ते सांगायला नको. फोर्कच्या नळीत किंवा हँडलच्या टोकांत बसणारी साधनेही मिळतात आणि ती दिसायला फार सुबक असतात, पण त्यांतल्या काहींसाठी फोर्कच्या नळीत आटे पाडावे लागतात, आणि त्याआधी फोर्कच्या हमीचे काय होईल हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

वळकटी बांधण्याची पद्धत क्षुल्लक वाटते, पण माझ्या दोन ट्यूब न वापरताच याच कारणाने गेल्या. ट्यूब धातूला लागून महिनाभर थरथरत राहिली की तिला घडीवर भोक पडते. म्हणून ट्यूबमधली सगळी हवा काढून, टाल्कम पावडर लावून, ती जुन्या मोज्यात घालावी आणि मोजा धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळावा. मोजा वाटेत हात पुसायलाही होतो. पंपाला हातभर इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवावी, वेगळे बंडल नेऊ नये. चारपाच केबल टाय फ्रेमला लावून ठेवावेत. आपल्या खाऱ्या हवेत पान्याची पाती पावसाळ्यात आठवड्यात गंजतात, तेव्हा त्यांवर तेलाचा थेंब सोडून पानाही पिशवीत बंद करावा. पॅचच्या सोल्यूशनची नळी एकदा उघडली की ती सुकून जाते. झाकण घट्ट लावले तरी दर पावसाळ्याआधी नवी घ्यावी. लहान पाने, टाय, टेप यांसाठी सायकलच्या दुकानात जास्त पैसे मोजण्याऐवजी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारावी. तिथे हत्यारांचीच बाजारपेठ आहे.

सगळे बांधून झाले की इमारतीच्या पार्किंगमध्येच, केवळ त्या वळकटीतल्या आणि डब्यातल्या वस्तू वापरून, मागचे चाक काढून ट्यूब बदलून पाहावी. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला, आणि टायर लिव्हर एकच टाकला होता हे त्यातच कळले.

राहिला चोरीचा प्रश्न. पट्ट्याने बांधलेली वळकटी कोणालाही दोन सेकंदांत काढता येते आणि येऊरहून उतरल्यावर आपण टपरीवर चहाला थांबतोच. मी डबा स्टँडमधून उचलून टेबलावर ठेवतो, वळकटी तशीच राहू देतो. मोज्यात गुंडाळलेली, चिखलाने माखलेली ती वस्तू आजवर कोणी नेलेली नाही.