खुर्चीत बसला की चालणं सुटेल का?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. घरात वॉकरने चालतो. डॉक्टर शाळेसाठी व्हीलचेअर घ्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, पाय कायमचे जातील. काय करू?
– एक आई, परळ

उत्तर : ताई, लेकीच्या वेळी मीही तीन वर्षं खुर्ची टाळली. दादरचा पूल तिला कडेवर घेऊन चढायचे. माझी कंबर धरायची, आणि ती वर्गात पोचेपर्यंत दमलेली. खुर्ची आली तेव्हा मधल्या सुट्टीत पहिल्यांदा स्वतःहून मैत्रिणींकडे गेली! घरात वॉकर चालूच ठेवला, दोन्ही लागतात. मापाशिवाय मात्र घेऊ नका. सीट रुंद असली की मूल एका बाजूला कलतं. हाजीअलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत विचारा. सासूबाईंनाही सोबत न्या.