नाटकाची वही: रंगमंच व्यवस्था शिकू पाहणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नव्या दोन अंकी नाटकाच्या रंगमंच व्यवस्थेत तुला मदतनीस म्हणून घेतले, हे वाचून फार आनंद झाला. आधी प्रकाशयोजना शिकावी, ध्वनी शिकावा की नेपथ्याची उभारणी, असे तू विचारले आहेस. या तिन्हींची जाण तुला लागेलच. पण रंगमंच व्यवस्थापकाचे काम यांपैकी कोणत्याही एका खात्यापासून सुरू होत नाही. ते संहितेच्या एका नीट बांधलेल्या वहीपासून सुरू होते. दिग्दर्शकाने पहिल्या प्रयोगाला जे नाटक उभे करून दिले, तेच नाटक दीडशेव्या प्रयोगाच्या प्रेक्षकालाही दिसावे, ही आपली जबाबदारी असते आणि ती केवळ स्मरणशक्तीवर पार पडत नाही.

आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर हे काम अनेकांत वाटले गेले आहे. सूत्रधार किंवा व्यवस्थापक नाट्यगृहाच्या तारखा, बस, दौरा आणि कलाकारांच्या नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, पाहतात. नेपथ्य लावणे-काढणे रंगमंच कामगारांकडे असते. प्रकाश आणि पार्श्वसंगीत चालवणारे आपापल्या जागी बसून आपापल्या प्रतीवरून काम करतात. ही माणसे कामात तरबेज असतात, पण त्यामुळे नाटकाचा एकेक तुकडा एकेकाच्या डोक्यात राहतो आणि सगळे नाटक कुठेच लिहिलेले नसते. ऐन दौऱ्यात पार्श्वसंगीत चालवणारा आजारी पडला, की बदली माणसाला दुपारभर फोनवरून नाटक समजावण्याची वेळ येते. हे टाळता येते, आणि ते टाळणारी व्यक्ती तू व्हावेस असे मला मनापासून वाटते.

आता वहीविषयी. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून घे आणि रिंगच्या फाइलमध्ये अशी लाव, की प्रत्येक छापील पानासमोर एक कोरे पान येईल. कोऱ्या पानाच्या वरच्या भागात नेपथ्याचा छोटा आराखडा काढ आणि त्याखाली त्या पानावरच्या हालचाली क्रमाने लिही: कोण कोणत्या वाक्यावर उठते, कुठून कुठे जाते, हातात काय असते, ते कुठे ठेवते. उजवे-डावे नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे धरावे, म्हणजे दिग्दर्शक, नट आणि कामगार यांच्यात गोंधळ होत नाही. पात्रांसाठी आणि सामानासाठी ठरावीक खुणा वापर, पण त्या खुणांचा अर्थ पहिल्याच पानावर लिहून ठेव; तुझ्या अनुपस्थितीत दुसऱ्याला वाचता येत नसेल, तर त्या वहीचा निम्मा उपयोग गेला. आणि सगळे पेन्सिलीनेच लिही. मंगळवारी बसवलेली हालचाल दिग्दर्शक गुरुवारी बदलतो आणि शनिवारी पुन्हा पहिलीवर येतो. हा त्याचा हक्क आहे, त्यामुळे तू कपाळाला आठ्या घालू नकोस.

तालमीच्या जागेत तुझे पहिले काम जमिनीवर नेपथ्य आखण्याचे. नेपथ्यकाराच्या आराखड्यावरून मापे घ्यावीत आणि दार, खिडकी, जिना, लेव्हलच्या (उंच चौथऱ्याच्या) कडा रंगीत चिकटपट्टीने खऱ्या मापात आखाव्यात. जागा अपुरी असेल तर काय कापले आहे ते सर्वांना स्पष्ट सांगावे. महिनाभर दारापासून सोफ्यापर्यंत तीन पावले चालण्याची सवय झालेल्या नटीला रंगीत तालमीत अचानक पाच पावले चालावी लागली, तर तिच्या वाक्याचा सगळा तोल बिघडतो आणि ते कोणामुळे झाले हे तिला कळतही नाही.

वहीचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे क्यू, म्हणजे प्रकाश किंवा ध्वनी नेमका कधी बदलायचा त्याची खूण. एक प्रसंग समज. रात्रीची वेळ आहे, आई खिडकी लावते, टेबलावरच्या दिव्याचे बटण दाबते, खोली अंधारते आणि त्याच क्षणी फोन वाजतो. प्रेक्षकाला वाटते की दिवा आईने मालवला. प्रत्यक्षात तो दिवा आणि त्यासोबत खोलीतला सगळा उजेड प्रकाश चालवणाऱ्याच्या हातात असतो. तिचे बोट बटणावर टेकण्याआधी उजेड गेला, तर सभागृहात खसखस पिकते आणि पुढचे गंभीर संभाषण वाया जाते. म्हणून हा क्यू ‘चला, झोपते आता’ या वाक्यासमोर लिहून भागत नाही. तो ‘बोट बटणावर टेकते’ या कृतीसमोर लिहायला हवा, आणि फोनचा क्यू त्यानंतर किती श्वासांनी, हेही दिग्दर्शकाला विचारून नोंदवायला हवे. प्रत्येक क्यूला क्रमांक दे. प्रकाशाची आणि ध्वनीची मालिका वेगळी ठेव, आणि नंतर मध्येच एखादा क्यू वाढला तर त्याला 14-अ म्हण. एकदा तांत्रिक तालीम झाल्यावर पुढचे सगळे क्रमांक बदलण्याचा मोह आवर, कारण तोवर ते इतर तीन प्रतींवर चढलेले असतात.

क्यू देण्याची शिस्त साधी आहे आणि ती कधीही मोडू नये. साधारण अर्धे पान आधी ‘प्रकाश 14, ध्वनी 9, तयार’ असे सांगावे. समोरून ‘तयार’ असे उत्तर आल्याखेरीज ते पोचले असे समजू नये. आणि नेमक्या क्षणी क्रमांक उच्चारून ‘गो’ म्हणावे. ‘गो’ हा शब्द त्या संपूर्ण प्रयोगात अन्य कोणत्याही कारणासाठी तोंडातून बाहेर पडता कामा नये, कारण ऐकणाऱ्याचे बोट बटणावर असते. बऱ्याच नाट्यगृहांत विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, प्रकाश-ध्वनीच्या मागच्या कक्षाशी बोलण्याची धड सोय नसते. तिथे लाल आणि हिरव्या दिव्याची साधी खूण बसवून घ्यावी: लाल लागला की तयार, हिरवा लागला की क्यू. मोबाइलवर विसंबून राहणे मला अजिबात पसंत नाही. ऐनवेळी नेटवर्क जाते आणि काळोखातल्या विंगेत मोबाइलच्या पडद्याचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत दिसतो.

नाट्यगृहाचे भाडे पाहता निर्माता एखादीच रंगीत तालीम देऊ शकतो. तेव्हा त्याआधी दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार, संगीतकार आणि तू असे एका टेबलाभोवती बसून संपूर्ण वही पानापानाने वाचून काढा. या बैठकीला कोणी कंटाळा केला तरी तू आग्रह सोडू नकोस, कारण कागदावर पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न रंगमंचावर तीस माणसांना ताटकळत ठेवतो.

सामानाची, म्हणजे प्रॉपर्टीची, व्यवस्था वरवर सोपी वाटते. दोन्ही विंगांत एकेक टेबल ठेवावे, त्यावर पांढरा कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढावी आणि आत तिचे नाव व प्रवेश क्रमांक लिहावा. चष्म्याची जागा रिकामी दिसली की चष्मा नटाच्या खिशात आहे की मेकअप रूममध्ये राहिला, हा प्रश्न तिसऱ्या घंटेआधीच उभा राहतो. ज्या विंगेतून वस्तू आत जाते त्याच विंगेतून ती बाहेर येतेच असे नाही. दुसऱ्या बाजूने आलेली वस्तू पुढच्या प्रवेशासाठी कोणी परत न्यायची, तेही वहीत हवे. 1962 साली रंगभूमीवर आलेल्या ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरता रंगमंच होता आणि प्रभाकर पणशीकर एकामागून एक वेगळ्या वेशात प्रेक्षकांसमोर येत. त्या झपाट्याची तारीफ आजही होते, आणि ती योग्यच आहे. पण असे वेशांतर अंधारात, मोजक्या क्षणांत आणि प्रत्येक प्रयोगाला व्हायचे तर कोट कोणी धरायचा, टोपी कोणत्या हाताने द्यायची, उतरवलेले कपडे कुठे टाकायचे, हे सारे नटाच्या संवादांइतकेच पाठ असावे लागते. तुझ्या नाटकात एखादेच वेशांतर असले तरी त्याची वेगळी तालीम घे, आधी उजेडात आणि मग अंधारात.

नाट्यगृह ताब्यात मिळाल्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंतचा वेळ नेहमीच अपुरा असतो. दुपारच्या प्रयोगानंतर त्याच रंगमंचावर रात्री दुसरे नाटक असेल, तर पडदा पडल्यावर आपले नेपथ्य झपाट्याने उतरवून टेम्पोत चढवायचे असते. म्हणून क्रम ठरलेला हवा: वरच्या बारवर दिवे टांगणे आधी, कारण लेव्हल आणि फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या भिंती) उभे राहिले की शिडी फिरवायला जागा उरत नाही, मग नेपथ्य, मग फर्निचर, मग दिव्यांचे फोकस, शेवटी सामान आणि ध्वनीची तपासणी. प्रत्येक रंगमंचाची रुंदी, खोली आणि विंगेची जागा निराळी. पुण्यातच बालगंधर्व रंगमंदिरासाठी आखलेले नेपथ्य भरत नाट्य मंदिरात जसेच्या तसे मावेल असे समजू नये. त्या त्या ठिकाणची मापे स्वतः घेऊन वहीत ठेव, पण टेप काढण्याआधी तिथल्या जुन्या कामगाराला विचार. कोणती फळी दबते, कोणता बार अडकतो, कोणत्या प्लगवर भार टाकू नये, हे त्याला ठाऊक असते, आणि आदराने विचारले की तो न मागितलेलेही सांगतो.

सुरक्षेविषयी मी थोडे कठोर बोलणार आहे. नटराजाची पूजा आपण सर्व जण मनोभावे करतो, नारळ फोडतो, निरांजन ओवाळतो. पण त्यानंतर ते तेवते निरांजन आणि उदबत्ती विंगेतल्या कापडाशेजारी ठेवून जो तो आपल्या कामाला लागतो. पूजा झाल्यावर ती ज्योत धातूच्या ताटात, कापडापासून दूर आणि कोणाच्या तरी नजरेखाली राहील, हे पाहणे तुझे काम आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली उभी राहिलेली ती वास्तू जळताना पाहून अनेक रंगकर्मी रडले. रंगमंचावर लाकूड, कापड, रंग आणि वीज एकत्र नांदतात, हे विसरू नये. नाट्यगृहात शिरल्यावर अग्निशामक नळकांडी कुठे आहेत, ती भरलेली आहेत का आणि मागचे दार कुलूपबंद तर नाही, हे आधी पाहा. केबल येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर ती चिकटपट्टीने दाबून टाक, लेव्हलच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी लाव, आणि विंगेत मंद निळा दिवा ठेव. काही धोकादायक वाटले तर प्रयोग थांबवण्याचा अधिकार तुला आहे का, हे निर्मात्याकडून पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घे.

कलाकारांशी वागताना वेळ हीच तुझी भाषा असू दे. मेकअप रूमच्या दारावर टकटक करून ‘पहिली घंटा पाच मिनिटांत’ असे सांगावे आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबावे. आतून ‘हो’ आले नाही तर निरोप पोचला नाही असे धरावे. ज्येष्ठांना दादा, काका, ताई म्हणण्यात कमीपणा नाही आणि त्यांना वेळेची आठवण करून देण्यात उद्धटपणा नाही. दोन्ही एकाच स्वरात जमले पाहिजे. पहिल्या प्रवेशातील सर्व पात्रे, प्रकाश, ध्वनी आणि प्रेक्षागृहाची बाजू यांच्याकडून होकार आल्याशिवाय तिसरी घंटा होऊ देऊ नकोस. बाहेर कोण पाहुणे आले आहेत, याने हा नियम बदलत नाही.

प्रयोग संपला की दमलेली असलीस तरी त्याच रात्री नोंद लिही. पडदा किती वाजता उघडला, पहिला अंक किती मिनिटे चालला, मध्यंतर किती लांबले, काय तुटले, कोणता क्यू चुकला, कोणाचे वाक्य गळले. कोणाला दोष देणारी भाषा नको; ‘प्रकाश 22 उशिरा’ एवढे पुरे. काही आठवड्यांनी या नोंदी सलग वाचल्यास बरेच काही दिसते. पहिला अंक 62 मिनिटांवरून 70 वर गेला असेल, तर ती आठ मिनिटे कुठे वाढली हे तुझी वही सांगते: कुठे हशा मिळू लागला म्हणून नट रेंगाळतो आहे, कुठे फर्निचर हलवायला एक माणूस कमी पडतो आहे. हशा मिळणे चांगलेच, परंतु त्यापायी दिग्दर्शकाने बसवलेली हालचाल बदलली असेल, तर ते त्याच्या कानावर घालणे तुझे कर्तव्य आहे. नटाला परस्पर सूचना देऊ नकोस.

संहितेबाबत एक छोटी गोष्ट. नाटकाच्या संहितेला प्रयोगाआधी मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत दौऱ्यात नेहमी बरोबर असावी, आणि तालमीत वाक्ये बदलली गेली तर ते निर्मात्याच्या लक्षात आणून द्यावे.

तुझी पहिली वाचनाची तालीम पुढच्या आठवड्यात आहे असे तू लिहितेस. तिथे वही, पेन्सिली, खोडरबर, मोजपट्टी, तीन रंगांच्या चिकटपट्ट्या आणि सेकंद दाखवणारे घड्याळ घेऊन जा. वाचन सुरू असताना प्रत्येक प्रवेशाची वेळ समासात नोंदव आणि संहितेत उल्लेखलेल्या सगळ्या वस्तूंची यादी कर, अगदी कोणीतरी नुसता ‘घेतोस का?’ असे विचारत पुढे केलेल्या पानाच्या डब्यासह. पहिल्या अंकाच्या हालचाली बसल्या की त्यातल्या दहा पानांच्या प्रती मला पाठव. मी नाटक पाहिलेले नाही, तेव्हा त्या पानांवरून मला ते उभे करता आले नाही तर काय कळले नाही ते समासात खुणा करून परत पाठवीन.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.