डीएससी टोकन दिसत नाही म्हणून ‘७७७’ करू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की लिनक्स मिंटवर डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या यूएसबी किल्लीचा) ड्रायव्हर बसला, पण टोकन दिसत नाही, आणि हेल्पडेस्कवाले ‘सुडो लावून अख्ख्या यूएसआर फोल्डरला ७७७ परमिशन द्या’ असं सांगून राहिले. सुडो म्हणजे रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याच्या, हक्काने कमांड चालवणं; यूएसआर म्हणजे जिथे बहुतेक प्रोग्रॅम असतात ते फोल्डर; ७७७ म्हणजे वाचायची, बदलायची, चालवायची सगळ्यांना मुभा. अजून दिली नसेल तर हात आवरा.

मी नागपुरात सीताबर्डीवर लोकांची ई-टेंडरं भरून देतो. ऐन नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हात), टेंडर बंद व्हायच्या दिवशी, अशाच एका हेल्पडेस्कच्या माणसाने (नाव घेत नाही) रिमोटवर बसून माझ्या मशीनवर हीच कमांड चालवली. टोकन दिसायचं सोडा, सुडोच मेला. सुडोच्या फाइलवर सेटयूआयडी बिट असतो, त्याच्या जोरावर तो रूटचा अधिकार घेतो. ७७७ लावलं की तो बिट पुसला जातो. रिकव्हरी मोडमधून सुडोच्या फाइलला ४७५५ (तो बिट परत देणारी परमिशन) आणि त्याच्या सुडोअर्स प्लगइनच्या फाइलला ६४४ दिलं की सुडो उठतो, पण माउंट, पासडब्ल्यूडी या कमांडांचंही तेच झालेलं असतं. शिवाय यूएसआरमधली जवळपास कोणतीही फाइल आता कोणताही प्रोग्रॅम बदलू शकतो. अशा मशीनवर डिजिटल सही करायची? कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजाच चौकटीसकट काढून ठेवण्यातला प्रकार.

वर त्यांचं उत्तर काय, तर ‘सर, लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोज टाका.’ मग ड्रायव्हर काहून देता, राजेहो! टेंडर गेलं ते गेलंच.

टोकन न दिसण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं: पीसीएससीडी (टोकनशी बोलणारी) सर्व्हिस बंद, किंवा त्या यूएसबी उपकरणासाठी यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या यंत्रणेचा) नियम नाही. आधी ते बघा. उबुंटू २२.०४ वाल्यांना स्नॅप नावाच्या बंदिस्त पॅकेजमधल्या फायरफॉक्सचाही त्रास होतो. मिंटवर तो स्नॅपमधून येत नाही, म्हणून तुम्ही सुटलात.

आता तुम्हाला व्हॉट्सॲपवर जी डेब फाइल (प्रोग्रॅम बसवायचं पॅकेज) आली म्हणता, तिच्याबद्दल. माझं मत टोकाचं आहे, पटलं तर घ्या. डेब बसवताना तिच्यातली पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट रूट म्हणून चालते, म्हणजे पाठवणाऱ्याला तुम्ही मशीनची किल्लीच देता. डीपीकेजी-डेब कमांडला मायनस ई देऊन स्क्रिप्ट बाहेर काढा आणि वाचा. त्यात कुठे ७७७ किंवा कर्ल (नेटवरून फाइल ओढणारी कमांड) दिसलं तर फाइल फेकून द्या. मग एपीटीला (पॅकेज बसवणाऱ्या कमांडला) मायनस एस देऊन, प्रत्यक्ष न बसवता, काय बसेल आणि काय निघेल ते बघा. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. तेवढ्यावरही विसंबू नका: फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटची साइट हॅक होऊन लोकांना बॅकडोअर (चोरदरवाजा) असलेल्या आयएसओकडे, म्हणजे मिंट बसवायच्या फाइलकडे, वळवलं होतं. जिथे जीपीजी सही (फाइल खरी असल्याची डिजिटल खूण) दिलेली असते तिथे ती तपासा.

बसवण्याआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट (सिस्टिम मागे नेता येईल अशी प्रत) काढा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असतो, लोक उघडत नाहीत. माझं मशीन मला नव्यानेच बसवावं लागलं, कारण स्नॅपशॉट नव्हता. आताशा असले ड्रायव्हर मी व्हर्च्युअल मशीनमध्येच (कॉम्प्युटरच्या आतल्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये) टाकतो आणि टोकन यूएसबीवरून आत देतो. जरा हळू चालतं, चालू द्या.

मी काही इंजिनिअर नाही, टोकनागणिक फरक पडतो. एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) मध्ये काय दिसतं ते इथे टाका, बघून सांगतो. पिन मात्र अंदाजाने टाकत बसू नका, टोकन लॉक होतं.